कात्रपला थांबणारा डबा

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कल्याणपासून कर्जतपर्यंत ज्या ज्या घरांत पाहुण्यांना "या आरशात बघून एका राणीसाहेबांनी कुंकू लावलं होतं" असं सांगितलं जातं, त्यांपैकी एकाही आरशात कुठल्याही राणीसाहेबांनी कुंकू लावलेलं नाही. फार तर एखाद्या तिकीट तपासनिसाने मिशा विंचरल्या असतील. ती राणी मी निर्माण केली. तिचं संस्थानही मीच निर्माण केलं. एकदा घाईघाईत एकाच आठवड्यात दोन गिऱ्हाइकांना दोन वेगवेगळी संस्थानं सांगितली आणि ती दोघं शेजारी निघाली, तेव्हा राणीसाहेबांचं दुसरं लग्नही मलाच लावून द्यावं लागलं. आता दुकान राहिलेलं नाही, माल परत घेण्याची जबाबदारीही उरलेली नाही. त्यामुळे सत्य बोलायला हरकत नाही, असं माझ्या सदसद्विवेकबुद्धीने नुकतंच ठरवलं आहे.

हे आरसे विकले जायचे उल्हासनगरच्या एका वखारीत. पुढे दुकान, मागे पत्र्याची लांब शेड आणि शेडच्या टोकाला दिवसभर ओरडणारी करवत. मालक परमानंद शेठ, फाळणीत सिंधमधून आलेले. माल रेल्वेच्या जुन्या लाकडी डब्यांचा. ज्यांनी असे डबे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एके काळी गाडीचा डबा म्हणजे चाकांवर ठेवलेलं सागवानी घर असायचं. लोखंड फक्त खाली. वर भिंती, बाकं, दारं, छत, सगळं लाकूड. खिडकीला काचेबरोबर पट्ट्यापट्ट्यांची लाकडी झडप. ती खालून वर ओढायची, खटक्यात अडकवायची आणि खटका सुटून बोटावर पडली की ज्याने गाडी बांधली त्याच्या घराण्याचा उद्धार करायचा. वर सामान ठेवायला फळी, भिंतीत पितळी खुंट्या, मधे आरसा, आरशाच्या खाली एवढासा कप्पा. बाकाच्या पट्ट्यांना बसून बसून अशी गुळगुळीत झळाळी आलेली असायची की तशी कुठल्याच पॉलिशने येत नाही. आमचा पॉलिशवाला म्हणायचा, "ये तो पब्लिक पॉलिश है. इसका डब्बा बाजार में नहीं मिलता."

ऐंशीच्या दशकात हे डबे एकेक करून मोडीत निघाले. लिलाव व्हायचा, शेठ बोली लावायचे, आमची माणसं जाऊन डबा सोडवायची आणि ट्रक भरून सागवान यायचं. चाळीस-पन्नास वर्षं ऊन, पाऊस आणि माणसं खाऊन बसलेलं लाकूड ते. ना वाकायचं, ना फाटायचं, ना त्याला वाळवी तोंड लावायची. त्याची टीपॉय व्हायची, पलंग व्हायचे, शोकेस व्हायची. आणि सगळ्यांत जास्त व्हायचे देव्हारे. कशाचं काय होईल याला आमच्याकडे धरबंद नव्हता. अंबरनाथच्या एका काकूंना मी देव्हारा विकला. दोन महिन्यांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या की, पुसून पुसून आतल्या फळीवरचा रंग निघाला आणि खाली "८ जणांना बसण्यासाठी" असं उमटलं. मी जागच्या जागी गार. काकूंची तक्रार मात्र वेगळीच होती. त्यांचे देव सातच होते. रिकामी जागा बरी दिसत नाही, कोण बसवू, हे विचारायला त्या आल्या होत्या. मी गंभीर चेहरा करून अन्नपूर्णा सुचवली. त्यांनी बसवलीही. वखारीच्या इतिहासात एवढं शंभर टक्के समाधानी गिऱ्हाईक दुसरं नाही.

माझं काम काय होतं, हे एका शब्दात सांगणं कठीण आहे. मी सुतार नव्हतो. मला खिळा सरळ ठोकता येत नाही. मी हिशेबनीस नव्हतो. अंबरनाथच्या हौशी नाटकमंडळीत मी काही वर्षं दूताची कामं केली होती. म्हणजे यायचं, "महाराज, शत्रू वेशीपाशी आला" असं सांगायचं आणि जायचं. महाराज होण्याची माझी पात्रता कुणाच्या लक्षात आली नाही, म्हणून मी वखारीत आलो आणि लाकडाला भूतकाळ पुरवू लागलो. गिऱ्हाईक आलं की शेठ लाकूड दाखवायचे आणि मी इतिहास. ही खुंटी बघा, हिच्यावर एका गोऱ्या साहेबाने टोपी टांगली आणि विसरून विलायतेला गेला. हे बाक बघा, यावर एका गवईबुवांनी मिरज येईपर्यंत रियाज केला. शेठ दर दोन दिवसांनी दम द्यायचे, "मनोहर, पहले लकडी बेच, कहानी बाद में." पण गिऱ्हाईक गेल्यावर हसायचे. शेठ स्वतः मात्र त्या बाकांवर कधी बसले नाहीत. मी एकदा गमतीने जागा पुसून दिली, तर म्हणाले, "हम लोग ऐसे ही डब्बे में यहां आए थे. मां खिड़की के पास बैठी थी, और पूरे रास्ते उसने खिड़की नहीं खोली." एवढंच बोलून ते गल्ल्यावर गेले. त्या दिवशी मी एकही गोष्ट रचली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं, हे कबूल करतो.

माझ्या इतिहासाला वखारीत एकच टीकाकार होता. धोंडू मिस्त्री. सत्तरीला आलेला, काटकुळा, कानावर पेन्सिल. उभी हयात त्याने डबे बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर तो तेच डबे सोडवायला आमच्याकडे आला होता. अंबरनाथहून सायकलने यायचा. डबा सोडवणं म्हणजे मोडणं नव्हे, हे मी त्याच्याकडून शिकलो. जुन्या कामात खिळा कमी, सांधा जास्त. कुठली पट्टी आधी सरकवली म्हणजे पुढची आपोआप हातात येते, हे ज्याला माहीत तो तासाभरात आख्खी भिंत उतरवतो. ज्याला माहीत नाही तो सब्बल घालतो आणि जळण तयार करतो. मिस्त्री प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने खूण करायचा. त्या खुणा त्याच्याशिवाय कुणाला कळत नसत. मी गिऱ्हाइकाला गोऱ्या साहेबाच्या टोपीबद्दल सांगत असलो की तो मागून ऐकत राहायचा आणि गिऱ्हाईक गेल्यावर फक्त एवढंच म्हणायचा, "नाटक्या, ती खुंटी संडासातली हाय."

तर, एका वर्षी दसऱ्याच्या आधी एका डब्याचा माल आला आणि मिस्त्रीने तो सोडवलाच नाही. म्हणजे त्यातला एक खण सोडवला नाही. खण म्हणजे समोरासमोर दोन बाकं, दोन खिडक्या, वरच्या फळ्या, आरसा, असा एक संपूर्ण कप्पा. तो त्याने भिंतीभिंतीने अख्खा उतरवून आणला, शेडमध्ये पुन्हा उभा केला आणि त्याच्यासमोर बिडी ओढत बसला. शेठनी विचारलं, कापायला कधी घेतोस? दिवाळीच्या मागण्या आल्या होत्या, टीपॉयला लाकूड कमी पडत होतं. मिस्त्रीने नवी बिडी पेटवली. शेठ गेल्यावर त्याने मला आत बोलावलं आणि आरशाची चौकट बाजूला करून मागची फळी दाखवली. फळीवर पेन्सिलीने काढलेला एक छोटा नांगर होता आणि खाली तीन अक्षरं, लहान मुलाने गिरवावीत तशी. धों. बा. त.

"ह्यो माझा पहिला," तो म्हणाला. "उस्तादानं सांगितलं, आख्खा खण तू कर, मी हात लावणार न्हाई. एकवीस दिवस लागलं. बाकी सगळं कापलं ते मीच कापलं, कधी बोललो का? ह्यो नको."

बस. आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. आणि मी, जन्मात ज्याला महाराजांची भूमिका मिळाली नाही, मी छातीवर हात ठेवून म्हणालो की, मिस्त्री, हा खण अख्खाच्या अख्खा विकून दाखवीन. शेठनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर गेला तर गेला, नाही तर करवत.

मी कामाला लागलो. माझ्याकडे असलेला सगळा इतिहास मी त्या एका खणात कोंबला. अंबरनाथचा एक हॉटेलवाला फॅमिली रूम करायची म्हणून आला. त्याला मी सांगितलं की या बाकांवर एका राजघराण्यातली सोयरीक जुळली. त्याने बाकावर बूड टेकवलं, दोन मिनिटं बसला आणि म्हणाला, "नको. इथे बसलं की उठावंसं वाटत नाही. गिऱ्हाईक एका चहावर दोन तास काढेल." आता मागे वळून बघताना वाटतं, त्या माणसाने पुढचं सगळं दोन मिनिटांत ओळखलं होतं. मला मात्र तो अरसिक वाटला. मग वांगणीकडचे एक शेतकरी आले. त्यांना घराला नुसतं दार हवं होतं. मी त्यांना दाराबरोबर खणही घ्या म्हणून इतकं वर्णन केलं की ते हात जोडून म्हणाले, "मालक, गाडी दारात आली तरी भात आपल्यालाच लावायचाय." आणि दुसऱ्याच दुकानातून दार घेऊन गेले. मंडप बांधणारे एक भाऊसाहेब नवरा-नवरीला बसवायला घेतो म्हणाले, पण नवरीच्या बाजूच्यांनी पसंत केलं नाही; लग्नात मुलगी निघून जाताना दिसते ती पुरेशी आहे, आधीपासून गाडीत कशाला बसवायची, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं, आणि तेच वाईट झालं. गिऱ्हाइकाचं पटू लागलं की विक्रेता संपला.

दसरा झाला. मिस्त्री रोज सकाळी येऊन आधी खण पुसायचा आणि मग कामाला लागायचा. मला काही विचारायचा नाही. न विचारण्याची त्याची पद्धत अशी होती की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आणि मग आले डॉक्टर गोगटे. दातांचे डॉक्टर, तरुण, नुकताच बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये तळमजल्यावर दवाखाना थाटलेला. त्या काळातलं कात्रप म्हणजे नव्या इमारती, अर्धवट रस्ते आणि मधे मधे भाताची खाचरं. त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवायला दोन साधी बाकं हवी होती. बोलता बोलता त्यांनी दुःख सांगितलं की पेशंट येतच नाहीत. दात दुखला की लवंगेचं तेल, फारच दुखला की दोरा आणि दार. चुकून कुणी आलंच तर बाहेरच्या खुर्चीवर बसून आतल्या यंत्राचा आवाज ऐकतं आणि चप्पल घालतं.

मी त्यांना हाताला धरून खणापाशी नेलं आणि त्या दिवशी माझ्या अंगात आलं. "डॉक्टर," मी म्हणालो, "माणूस सगळ्यांत निर्धास्त कुठे असतो? गाडीत, खिडकीशी. तुमच्या पेशंटला खुर्चीवर बसवू नका, प्रवासाला बसवा. भीती राहतच नाही." गोऱ्या साहेबाची टोपी नाही, राणी नाही. मला वाटतं वखारीत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. डॉक्टर आत बसले. झडप वर केली, खाली केली. आरशात स्वतःचे दात बघितले. आणि म्हणाले, घेतो. त्या आनंदात मी एक वाक्य जास्तीचं बोललो, जे मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "पसंत नाही पडला तर दिवाळीच्या आधी परत. शब्द आमचा." बरा विक्रेता आणि वाईट विक्रेता यांच्यात फरक असतो तो अशा एका वाक्याचा.

टेंपोने खण कात्रपला गेला. मिस्त्रीने दोन दिवस लावून तो बसवला. बाहेरच्या दारातून आलं की थेट डब्यात, आणि डब्याच्या दुसऱ्या अंगाला डॉक्टरांच्या खोलीचं दार. खिडक्यांच्या पलीकडे चार बोटांवर भिंत होती, पण मिस्त्रीने झडपा उघडमिट होतील अशाच बसवल्या. मी म्हणालो, भिंतच तर दिसणार आहे. तो म्हणाला, "मग दिसू दे."

दहा दिवसांनी डॉक्टरांचा निरोप आला. या आणि घेऊन जा.

मी आणि मिस्त्री दुपारी कात्रपला गेलो. वाटेत मी मनाशी ठरवत होतो की मिस्त्रीला काय तोंड दाखवायचं. त्यात अडचण ही होती की तो माझ्या शेजारीच बसला होता. दवाखान्याशी पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत डबा गच्च. हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत. मला काही उमजेना. डॉक्टरांनी आम्हाला आत खोलीत घेतलं. चकचकीत खुर्ची रिकामी, हत्यारं पुसून मांडलेली, आणि डॉक्टर एकटे.

"मनोहरराव," ते म्हणाले, "माझ्या दवाखान्यात माझ्याखेरीज सगळे मजेत आहेत."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पेशंट येऊ लागले, रांगा लागल्या. पण माणूस त्या बाकावर बसला की पेशंट राहायचाच नाही, प्रवासी व्हायचा. आधी येणारा शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बायकोची जागा धरायचा. मागून येणारा "जरा सरकून घ्या, चौथी सीट" म्हणत टेकायचा. खिडकीवरून भांडणं व्हायची, भिंतीच्या खिडकीवरून. ओळखी निघायच्या, गावं निघायची, दोन लग्नं जमण्याच्या बेतात होती. दाढ दुखते म्हणून आलेली माणसं एकमेकांना चिक्की द्यायची. आणि नाव पुकारलं की उत्तर एकच, "पुढच्यांना घ्या, आम्हाला घाई नाही." संध्याकाळी सगळे आनंदाने घरी. एक निवृत्त मास्तर तर रोज पेपर घेऊन येत होते; त्यांची कवळी होती, एकही दात स्वतःचा नव्हता.

"तेही चाललं असतं," डॉक्टर म्हणाले, आणि आवाज खाली आला. "पण ती बघा." दाराच्या फटीतून त्यांनी दाखवलं. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. गालावरून डोक्याला फडकं बांधलेलं, एक गाल भोपळ्यासारखा. बाजूला रानभाजीची रिकामी पाटी. ठकूबाई तिचं नाव. वांगणीच्या पुढे डोंगराखालच्या पाड्यावरची. बदलापूरच्या बाजारात भाजी विकून झाली की इथे येऊन बसायची आणि गाडीची वेळ झाली की निघून जायची. आज तिसरा दिवस. डॉक्टरांनी हाताला धरून बघितलं, तर तिने दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं. आत पू झाला होता, सूज गळ्याकडे उतरत होती. आणखी दोन दिवस गेले तर दातापुरतं राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बाकामुळे ती इथपर्यंत येते आणि तुमच्या बाकामुळेच पुढे येत नाही. उद्या सकाळी डबा उचला. खुर्च्या असत्या तर निदान मी तिला उचलून आणली असती."

मिस्त्री इतका वेळ दाराच्या फटीतून बघत होता. त्याने वळून विचारलं, "आन ती आपल्या पायानं तुमच्या खुर्चीत आली तर?"

डॉक्टर म्हणाले, "तर डबा जन्मभर इथेच."

मी लगेच पुढे झालो. अशा वेळी पुढे कोण होणार? टेबलावरची घंटा उचलली, डब्याच्या दारात उभा राहिलो, दूताच्या भूमिकेतला राखून ठेवलेला सगळा आवाज काढला आणि गरजलो की, प्रवासी मंडळींनी लक्ष द्यावं, गाडी आपल्या मुक्कामाला पोचत आहे, कृपया क्रमाने उतरून घ्यावं. मग एक बाई शेजारणीला म्हणाली, "गोळ्या विकतोय का बघ गं, लिंबाच्या असतील तर दोन घे." सगळे हसले. ठकूबाईसुद्धा एका गालाने हसली. मी आत आलो. डॉक्टरांनी माझ्या हातातून घंटा काढून घेतली.

मिस्त्रीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू भायेरच्या दाराला पाठ लावून हुबा ऱ्हा. आन बोलू नको." मग टोपी नीट केली, डब्यात शिरला, "सरका जरा" म्हणाला आणि ठकूबाईच्या समोर खिडकीशी जागा करून बसला. आपण स्वतः केलेल्या बाकावर तो बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याने बिडी काढली, डॉक्टरांची पाटी बघून परत ठेवली. शेजारच्या गृहस्थाला विचारलं, "कुठं उतरणार?" तो सवयीने म्हणाला, "अंबरनाथ." पलीकडच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "मी इथलीच, बदलापूर." ठकूबाईला विचारलं. ती म्हणाली, "वांगणी." बाकीचेही सांगू लागले. गाडीत हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायचंच असतं; का विचारतोस, असं कुणी म्हणत नाही.

मग काही झालं नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. ठकूबाई मांडी घालून शेजारणीला म्हशीची हकिकत सांगू लागली. म्हैस दुसऱ्याच्या वाड्यात जाऊन कशी व्याली आणि रेडकू कुणाचं यावरून पाड्यावर कसा निवाडा बसला. फडक्यातून शब्द नीट फुटत नव्हते, पण ऐकणारे कान देऊन होते. मी दाराला पाठ लावून उभा, डॉक्टर आतल्या दाराच्या फटीशी.

मिस्त्रीने झडप वर केली. चार बोटांवरची भिंत नीट निरखली. झडप खाली केली आणि कुणाकडेच न बघता, शेजाऱ्याला सांगावं तशा बारक्या आवाजात म्हणाला, "अंबरनाथ आलं."

अंबरनाथचा गृहस्थ उठला. विचार केला नाही, उठला. वरच्या फळीवरची पिशवी काढली, पँट वर ओढली, लोकांच्या पायांतून वाट काढत दारापर्यंत गेला. त्या बाजूला उघडं दार एकच होतं. आपण कुठे शिरलो हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या गळ्यात फडकं बांधलं होतं.

मला हसू आवरेना आणि लाजही वाटू लागली. आयुष्यभर मी मोठ्या आवाजावर जगलो. आणि पॅसेंजर गाडीत स्टेशन आल्याचं कधी कुणी ओरडून सांगितलं होतं? खिडकीशी बसलेला एखादा म्हातारा सांगतो, हळूच, आणि माणूस उठतो. हे मला माहीत असायला हवं होतं. मी रोज तेच विकत होतो.

पंधरा-वीस मिनिटांनी झडप पुन्हा वर झाली. "बदलापूर." शाळेतल्या बाई उठल्या. दारात पोचल्यावर त्यांना कळलं आणि त्या वळल्याही, पण त्यांच्या जागेवर तोवर मास्तर पेपर घेऊन सरकले होते. उठलेल्या माणसाची जागा गेली की गेली. त्या मुकाट्याने आत गेल्या. आतून यंत्राचा आवाज आला. डब्यात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गाडीत आवाज असतोच.

आता तिची पाळी होती. माझ्या पाठीला दाराची कडी रुतत होती. मिस्त्रीने झडप वर केली. "वांगणी आली," तो म्हणाला.

ठकूबाईची म्हैस नेमकी त्याच वेळी पंचांसमोर उभी होती. तिने ऐकलंच नाही. मी पुढे होऊन तिला हलवणार, तर मिस्त्रीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दाराला चिकटलो. पॅसेंजर वांगणीला अर्धा मिनिट थांबते, फार नाही. त्याने तेवढा वेळ जाऊ दिला. झडप खाली केली. डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी मान हलवली, आणि मला वखारीतली करवत ऐकू आली. रेडकाचा निवाडा लागला, शेजारीण हसली. मिस्त्रीने झडप चौथ्यांदा वर केली, भिंतीकडे बघितलं आणि आधीपेक्षाही हळू पुढचं स्टेशन सांगितलं, "शेलू आलं."

ठकूबाई वाक्याच्या मधेच थांबली. पाटी काखेत मारली, मास्तरांच्या पायावर पाय दिला, पेपर फाडला आणि समोर दिसेल त्याला ढकलत डॉक्टरांच्या खोलीत धावत सुटली.

"आरं थांबव, माजी वांगणी गेली! दाक्तर, मना उतरायचा हाय!"